कृष्णकमळाची वेल: गॅलरीतली कोणती, औषधातली कोणती?

मृण्मयी_परसबाग

"कृष्णकमळाची चार पानं उकळून प्या, शांत झोप लागेल" हा निरोप पुन्हा ग्रुपांवर फिरायला लागलाय. खाली फोटो कधी जांभळ्या फुलाचा, कधी लालभडक फुलाचा, कधी चक्क पॅशनफ्रूटच्या फुलाचा. तिन्ही वेली वेगळ्या आहेत. झोप आणि अस्वस्थता यांसाठी जिचा उपयोग नीट नोंदला गेलाय ती जात एकच, पॅसिफ्लोरा इन्कार्नाटा. पॅसिफ्लोरा या प्रजातीत पाचशेच्या वर जाती आहेत, बहुतेक सगळ्या अमेरिका खंडातल्या. आपल्या गॅलऱ्यांत आणि कुंपणांवर त्यातल्या पाच-सहा आढळतात आणि सगळ्यांना आपण कृष्णकमळच म्हणतो. पूजेला त्याने काही बिघडत नाही. कपात घालायची वेळ आली की बिघडतं.

म्हणून आधी ओळख. फुलाचा रंग पाहून ठरवू नका. पान, पानाचा देठ आणि कळीखालचा भाग पाहा.

इन्कार्नाटाचं पान तीन बोटांचं असतं, काठाला बारीक दाते आणि पान हाताला किंचित मऊसर. देठ जिथे पानाला मिळतो तिथे दोन छोट्या ग्रंथी असतात. त्यातून गोडसर रस पाझरतो, त्यामुळे तिथे मुंग्या घुटमळताना दिसतात. कळीच्या खाली तीन अगदी लहान हिरवी पानं असतात, जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरची, आणि त्यांच्याही बुडाशी ग्रंथी. फुलातली झालर फिकट जांभळी-पांढरी, तंतू नागमोडी. फळ कोंबडीच्या अंड्याएवढं, पिकल्यावर हिरवट पिवळं.

पॅशनफ्रूट म्हणजे पॅसिफ्लोरा एडुलिस. याचंही पान तीन बोटांचं आणि दातेरी, म्हणून इथेच सगळ्यात जास्त घोटाळा होतो. फरक असा: पान जाड, चकचकीत, वरून गुळगुळीत. कळीखालची तीन पानं चांगली मोठी, पानासारखीच दातेरी. फुलाची झालर पांढरी, फक्त आतल्या बाजूला जांभळी, आणि तंतूंची टोकं कुरळी.

निळं कृष्णकमळ, सेरुलिया: पान पाच बोटांचं, कधी सात, काठ सरळ, दाते नाहीत. देठाच्या बुडाशी कानासारखी दोन उपपर्णं असतात, ती लगेच लक्षात येतात. फळ नारिंगी, आतून बेचव.

लाल कृष्णकमळ, व्हिटिफोलिया: पान द्राक्षाच्या पानासारखं, फूल पूर्ण लाल. हे निव्वळ शोभेचं. चहात घालू नये.

लागवड, छाटणी, औषध, सगळ्याबद्दल ज्यांना नीट माहिती आहे त्यांनी लिहा.

---

रानवाटा

यात एक राहिली. रस्त्याकडेला, पडीक जागी, काटेरी कुंपणांवर आपोआप उगवणारी वेलघाणी, म्हणजे पॅसिफ्लोरा फेटिडा. पान चुरगाळलं की उग्र वास येतो. सगळ्या अंगावर चिकट लव आणि फळाभोवती हिरव्या जाळीचं वेष्टण. त्या जाळीच्या केसांच्या टोकांना चिकट थेंब असतात, बारीक कीटक त्यात अडकून मरतात. भिंगाखाली बघण्यासारखं आहे.

पिकून नारिंगी-पिवळं झालेलं फळ गावोगावची पोरं खातात. हिरवं फळ आणि पानं खाऊ नयेत, त्यात सायनाइड सोडणारी ग्लायकोसाइड्स असतात. "जंगली कृष्णकमळ" म्हणून या वेलीची पानं काढ्यात घालायला सांगणारे व्हिडिओ पाहिले आहेत. कृपया तसं करू नका.

---

चिंतामणी

उत्तम सुरुवात. एक शंका. पान पाच बोटांचं आहे पण काठाला बारीक दाते आहेत. फूल गडद जांभळं, झालर लांब आणि नागमोडी, सुगंध भरपूर. नर्सरीतल्या चिठ्ठीवर "इन्कार्नाटा" लिहिलं होतं. फळ कधीच धरत नाही.

---

मृण्मयी_परसबाग

@चिंतामणी, वर्णनावरून 'इन्सेन्स' नावाचा संकर वाटतो. इन्कार्नाटा आणि सिन्सिनाटा या दोन जातींचा हा संकर १९७०च्या दशकात अमेरिकेत तयार झाला. गडद रंग आणि वास यामुळे तो जगभर पसरला, आपल्या नर्सऱ्यांतही "जांभळं कृष्णकमळ" म्हणून जे मिळतं त्यात बराचसा असा संकरांचा माल असतो. आई इन्कार्नाटा आहे म्हणून विक्रेते तेच नाव लावतात.

शोभेसाठी याच्यासारखी वेल नाही. चहासाठी मात्र वापरू नका. औषधी नोंदी, मात्रा, सुरक्षिततेची माहिती हे सगळं शुद्ध इन्कार्नाटाचं आहे. अर्धं रक्त दुसऱ्या जातीचं असताना तीच मात्रा लागू होईल असं धरून चालता येत नाही.

---

वनौषधी_अभ्यासक

औषधाच्या बाजूबद्दल लिहितो. लांबेल, पण यात अर्धवट माहितीच जास्त फिरते.

पहिली गोष्ट, "आयुर्वेदात कृष्णकमळ सांगितलंय" हे विसरा. इन्कार्नाटा ही उत्तर अमेरिकेच्या आग्नेय भागातली वेल. चेरोकी आणि तिथले इतर मूळ रहिवासी तिचा उपयोग करत, पुढे युरोपीय वसाहतवाल्यांनी तो उचलला. चरक-सुश्रुतांच्या काळात ही वेल भारतात असणंच शक्य नव्हतं. ग्रंथात नाही म्हणून ती निरुपयोगी ठरत नाही, पण तिच्या नावाला "प्राचीन" ही पाटी लावू नये.

वापरतात तो भाग: जमिनीवरची वेल. पानं, कोवळी खोडं, ताणे, फुलं आणि कोवळी फळं, सगळं वाळवून बारीक केलेलं. मूळ नाही. "चार पानं" या मापाला काहीच अर्थ नाही, पान केवढं, ताजं की वाळलेलं, कोणत्या वेलीचं, हे कळल्याशिवाय.

मात्रा: युरोपियन मेडिसिन्स एजन्सीच्या वनौषधी समितीने जी दिली आहे ती अशी. वाळलेला, चुरलेला पाला १ ते २ ग्रॅम, १५० मिली उकळत्या पाण्यात घालून झाकून ठेवायचा, गाळून प्यायचा. दिवसातून एक ते चार वेळा. झोपेसाठी घ्यायचा तर झोपण्याआधी अर्धा तास. पाणी उकळून गॅस बंद करायचा आणि मग पाला घालायचा, दहा मिनिटं पुरतात. पाला पाण्यात घालून काढ्यासारखा आटवायचा नाही. चमच्याने मोजू नका. चुरा बारीक आहे की भरड यावर एका चमच्याचं वजन दुपटीने बदलतं. दागिने तोलायचे छोटे डिजिटल वजनकाटे सहज मिळतात, ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा पुरे.

कशासाठी: सौम्य मानसिक ताणाची लक्षणं आणि झोप लागायला मदत. एवढंच. तीही "परंपरागत वापर" या आधारावर दिलेली मान्यता आहे, म्हणजे वर्षानुवर्षं लोक वापरत आले आहेत आणि ठरलेल्या मात्रेत वापर सुरक्षित दिसतो, एवढाच तिचा अर्थ. चाचण्यांनी सिद्ध झालेलं औषध अशी ती मान्यता नाही.

चाचण्या थोड्या आहेत आणि लहान आहेत. २००१ मध्ये इराणात ३६ चिंताग्रस्त रुग्णांवर चार आठवडे चाचणी झाली. अर्ध्यांना इन्कार्नाटाच्या अर्काचे रोज ४५ थेंब, अर्ध्यांना ऑक्साझेपाम या चिंतेवरच्या शामक गोळीचे ३० मिलिग्रॅम. शेवटी दोन्ही गट सारखेच सुधारले. ऑक्साझेपामचा गुण लवकर आला, पण त्या गटात कामावर परिणाम होण्याच्या तक्रारी जास्त होत्या. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियात ४१ निरोगी लोकांना एक आठवडा २ ग्रॅमच्या पिशवीचा चहा आणि एक आठवडा पार्सलीचा बिनऔषधी चहा दिला. लोकांनी स्वतः नोंदवलेली झोपेची प्रत थोडीशी सुधारली. ज्या दहा जणांची झोप यंत्रावर मोजली त्यांच्यात फरक दिसला नाही. म्हणजे उपयोग असेल तर तो सौम्य आहे. रात्र-रात्र झोप न लागणाऱ्या माणसाने यावर विसंबून राहू नये.

कोणी घेऊ नये: गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, बारा वर्षांखालची मुलं. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम यांसारख्या झोपेच्या किंवा शामक गोळ्या चालू असतील तर सोबत घेऊ नये, गुंगी वाढते. दारूबरोबरही नाही. शस्त्रक्रिया ठरली असेल तर निदान दोन आठवडे आधी थांबवा आणि भूलतज्ज्ञांना सांगा. घेतल्यावर गाडी चालवू नका. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर डॉक्टरांकडे जा, मात्रा वाढवत बसू नका.

---

सुलभा_नाशिक

होमिओपॅथीच्या दुकानात "पॅसिफ्लोरा इन्कार्नाटा क्यू" मिळतं ते हेच का? आणि ते आणि चहा एकत्र चालतं का?

---

वनौषधी_अभ्यासक

@सुलभाताई, वनस्पती तीच. "क्यू" म्हणजे मदर टिंक्चर, अल्कोहोलमध्ये काढलेला मूळ अर्क. तो पातळ केलेल्या पोटेन्सीच्या गोळ्यांसारखा नसतो, त्यात वनस्पतीचे घटक खरोखर असतात. म्हणून वर लिहिलेली सगळी सावधगिरी त्यालाही लागू. चहा आणि टिंक्चर एकत्र घेतलं तर एकूण किती गेलं याचा हिशोब राहत नाही, एकच काहीतरी घ्या. अल्कोहोल चालत नसेल, यकृताचा त्रास असेल, तर टिंक्चर टाळा. थेंबांची संख्या देणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवावी, कारण वेगवेगळ्या अर्कांची तीव्रता सारखी नसते. चाचणीतले ४५ थेंब त्या विशिष्ट अर्काचे होते, ते आपल्या बाटलीला लावता येत नाहीत.

---

प्रसाद_कोकण

पॅशनफ्रूटची वेल आमच्याकडे भरपूर. फळ खातोच. पानांचा चहा का नको, हे जरा उलगडून सांगाल का? दक्षिण अमेरिकेत पितात असं वाचलं.

---

वनौषधी_अभ्यासक

पितात, आणि एडुलिसच्या पानांवर थोडाफार अभ्यासही झालाय. अडचण सायनोजेनिक ग्लायकोसाइड्सची. पानात ही ग्लायकोसाइड्स आणि त्यांना तोडणारं एन्झाइम वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. पान चुरगाळलं, चावलं, वाटलं की दोन्ही एकत्र येतात आणि हायड्रोजन सायनाइड सुटतो. कुरतडणाऱ्या किड्यांविरुद्ध झाडाने ठेवलेली ही सोय. प्रमाण जातीनुसार, पानाच्या वयानुसार, पावसापाण्यानुसार बदलतं, आणि आपल्याला घरी ते मोजता येत नाही. वाळवल्याने कमी होतं, पण किती कमी झालं हे कोण सांगणार?

कडू बदामासारखा वास आला तर सायनाइड, नाहीतर नाही, अशी एक "घरगुती चाचणी" सांगतात. ती धोक्याची आहे. बऱ्याच जणांना तो वास जन्मतःच ओळखता येत नाही.

त्यातल्या त्यात पानांची चटणी, ताज्या पानांचा रस, मिक्सरमधली हिरवी स्मूदी हे प्रकार सगळ्यात वाईट, कारण त्यात पान पूर्ण ठेचलं जातं. पिकलेल्या फळाचा गर बिनधास्त खा, बियांसकट. साल आणि हिरवी फळं नकोत.

---

रानवाटा

+१. युरोपियन फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या दर्जाच्या अधिकृत संहितेत, इन्कार्नाटाच्या पाल्याची सूक्ष्मदर्शकाखालची आणि रासायनिक तपासणी सांगितली आहे, त्यामागे हेही कारण आहे. बाजारातल्या मालात सेरुलिया आणि एडुलिसची भेसळ होते. पॅकेटवर नुसतं "पॅशनफ्लॉवर टी" लिहिलं असेल तर घेऊ नका. पूर्ण वनस्पतिशास्त्रीय नाव आणि वापरलेला भाग छापलेला हवा.

---

शेखर_बागायत

आता लागवड. औषधाला लावा किंवा शोभेला, पद्धत एकच.

कटिंगने लावा. बियांपासून आलेली वेल फुलायला एक ते दोन वर्षं घेते आणि इन्कार्नाटाचं बी फार रेंगाळतं. जून ते सप्टेंबर हा काळ उत्तम. फार कोवळी नाही, फार जून नाही अशी पेन्सिलीहून थोडी बारीक फांदी निवडा. १२ ते १५ सें.मी.चा तुकडा, त्यावर निदान तीन डोळे. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, तिरका. खालची पानं आणि सगळे ताणे काढून टाका, नाहीतर कटिंगची ताकद ताण्यांत जाते. वरचं पान राहील ते अर्धं कापा, म्हणजे पाणी कमी उडतं. अर्धी धुतलेली वाळू, अर्धं कोकोपीट, त्यात दोन डोळे आत जातील इतकं खोचा. सावलीत ठेवा, वर पारदर्शक पिशवी, रोज पाच मिनिटं उघडून हवा द्या. तीन ते चार आठवड्यांत मुळं फुटतात. पालवी फुटली म्हणजे मुळं आली असं समजू नका. हलकेच ओढून पाहा, विरोध जाणवला तरच हलवा. बहुतेक कटिंग्ज या घाईत मरतात.

कुंडी १५ ते १८ इंची. इन्कार्नाटा जमिनीत लावायची असेल तर विचार करून. तिची मुळं लांब पळतात आणि चार-पाच फुटांवर, फरश्यांच्या फटीतून, शेजारच्या वाफ्यातून नवे फुटवे काढतात. माती: दोन भाग बागेची माती, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग वाळू किंवा भाताची तूस, मूठभर निंबोळी पेंड. पाणी साचलं की बुंध्याशी मर रोग आणि वेल दोन दिवसांत उभीच्या उभी मान टाकते. त्यावर उपाय नाही, निचरा हाच बचाव.

ऊन पाच-सहा तास हवं. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये दुपारचं ऊन अडवा आणि कुंडीवर पालापाचोळ्याचं आच्छादन द्या. मुळांशी माती तापली की कळ्या गळतात.

आधार: ही वेल भिंतीला चिकटत नाही, ताण्यांनी धरून चढते. जाड बांबू किंवा पाइप ताण्यांच्या आवाक्यात येत नाही. दोन-तीन मिलिमीटरची तार किंवा हाताच्या वितीएवढ्या चौकटींची नायलॉन जाळी लावा.

---

अनघा_ठाणे

वेल हिरवीगार आहे, पूर्ण ग्रिल भरलंय, पण दोन पावसाळे झाले, फूल नाही. दर पंधरा दिवसांनी खत देते.

---

शेखर_बागायत

@अनघा, कोणतं खत? शेणाची स्लरी, युरिया किंवा १९:१९:१९ देत असाल तर तेच कारण. नत्र जास्त झालं की वेल पानंच काढते. दोन महिने काहीही देऊ नका. मग महिन्यातून एकदा केळीच्या सालींचं कंपोस्ट किंवा मूठभर लाकडाची राख, आणि वर्षातून एकदा बोनमील.

दुसरं कारण छाटणीचं असतं. कृष्णकमळ नव्या फुटीवर फुलतं. ग्रिलबाहेर लोंबणारी नवी टोकं दर आठवड्याला कापली, तर कळ्याही त्यांच्याबरोबर जातात. मोठी छाटणी वर्षातून एकदा, थंडी संपताना, साधारण फेब्रुवारीत. तेव्हा एक तृतीयांश ठेवून बाकी काढलं तरी चालतं. नंतर नुसतं वळवत राहा, कापू नका. ऊन किती तास मिळतं तेही पाहा, तीन तासांवर भागत नाही.

---

अनघा_ठाणे

स्लरीच देत होते. आणि टोकंही कापत होते, सोसायटीचा आग्रह म्हणून. आता जाळीवर आत वळवते. आभार.

---

पाखरू

किडींबद्दल. नारिंगी-तपकिरी रंगाच्या, अंगावर काटेरी फांद्या असलेल्या अळ्या घोळक्याने पानं फस्त करताना दिसतील. त्या बहुधा टॉनी कोस्टर या फुलपाखराच्या. आपल्याकडे पॅसिफ्लोराच्या वेलींवर ते हमखास अंडी घालतं. पिवळसर अंड्यांचे पुंजके पानाखाली असतात. काटे दिसायला भीतिदायक, पण अळ्या डसत नाहीत. वेल मोठी असेल तर राहू द्या, पानं परत येतात. लहान असेल तर अळ्या उचलून वेलघाणीवर सोडा, तीही त्यांचं खाद्य आहे. एवढी सोय असताना फवारा कशाला मारायचा?

ज्यांना पाला चहासाठी वापरायचाय त्यांनी तर कोणतंही कीटकनाशक मारूच नये. पिठ्या ढेकणासाठी कापसाचा बोळा साबणाच्या पाण्यात बुडवून डोळ्यांच्या बेचक्यातून फिरवा. लाल कोळी उन्हाळ्यात येतो, पानं वरून धुरकट ठिपक्यांची दिसतात. पानाच्या खालच्या बाजूने रोज पाण्याचा जोरदार फवारा दिला की आठवड्यात आटोक्यात येतो. निंबोळी तेल मारलं तर त्या पानांचा चहा कडूजहर होतो. मारायचंच असेल तर तो बहर चहासाठी सोडून द्या.

---

चिंतामणी

अवांतर: शंभर कौरव, पाच पांडव, मधे ब्रह्मा-विष्णू-महेश. प्रत्येक जातीत हे बरोबर जुळतं का?

---

मृण्मयी_परसबाग

अवांतर नाही, ओळखीला उपयोगी आहे. पाच पुंकेसर आणि तीन कुक्षी आपल्याकडच्या या सगळ्या वेलींत ठरलेल्या. झालरीचे तंतू मात्र जातीजातीत बदलतात, एकाच वेलीवर दोन फुलांतही कमी-जास्त भरतात. लाल व्हिटिफोलियात झालर आखूड असते, तिथे कौरव शोधावे लागतात.

फूल एकच दिवस टिकतं, पण त्या एका दिवसात बघण्यासारखं बरंच घडतं. इन्कार्नाटाचं फूल उमलल्यावर पहिल्यांदा तिन्ही कुक्षी वर ताठ असतात. मग तासाभरात त्या हळूहळू खाली वाकतात आणि पुंकेसरांच्या पातळीला येतात. भुंगा झालरीवर गोल फिरत मध पितो तेव्हा त्याची पाठ आधी परागांना आणि मग कुक्षीला लागते. काही फुलांत कुक्षी वाकतच नाहीत. ती फुलं पराग देतात, फळ धरत नाहीत.

फळ हवं असेल तर अजून एक अडचण. इन्कार्नाटा आणि पिवळं पॅशनफ्रूट, दोघांनाही स्वतःचे पराग चालत नाहीत. एकाच वेलीची दहा कटिंग्ज लावली तरी ती एकच वेल. वेगळ्या ठिकाणाहून आणलेली दुसरी वेल जवळ हवी. जांभळं पॅशनफ्रूट स्वतःच्या परागांवर धरतं. कुंडीत फळासाठी काही लावायचं तर जांभळं, किंवा कर्नाटकातल्या चेट्टळ्ळीच्या संशोधन केंद्रातला 'कावेरी' हा जांभळ्या-पिवळ्याचा संकर.

---

सुलभा_नाशिक

वर सांगितलेल्या खुणांवरून आमची इन्कार्नाटाच निघाली: तीन बोटं, दाते, देठाच्या टोकाला दोन ग्रंथी, कळीखाली इवली पानं. पाला कधी काढायचा, कसा वाळवायचा?

---

वनौषधी_अभ्यासक

फुलं बहरात आणि पहिली फळं नुकती धरलेली, हा काळ. सकाळी दव वाळल्यावर, पाऊस नसलेल्या दिवशी. बुंध्यापासून हातभर सोडून वरची वेल कापा. पिवळी, ठिपक्यांची, किडलेली पानं तिथेच वेगळी करा. घरचं झाड आहे, रस्त्याचा धूर लागत नाही, तर धुवू नका. धुतलंच तर फडक्यावर पूर्ण निथळू द्या.

खोडाचे बोटभर तुकडे करा, कारण पान दोन-तीन दिवसांत वाळतं आणि खोड आत ओलं राहतं. मग बरणीत भरल्यावर त्या ओलीने सगळ्याला बुरशी धरते, पाला वाया जाण्याचं हेच मोठं कारण. सुती कापडावर किंवा चाळणीवर एकच थर पसरा, सावलीत, वारा खेळता असेल तिथे. उन्हात वाळवलं की रंग उडतो. दिवसातून दोनदा उलटा. खोड वाकवल्यावर कट्कन मोडलं पाहिजे. नुसतं लवलं तर अजून ओल आहे.

वाळल्यावर वजन ताज्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर येतं. म्हणजे शंभर ग्रॅम वाळलेला पाला हवा तर साधारण अर्धा किलो ताजी वेल. मोठ्या वेलीलाच परवडतं ते. काचेची कोरडी बरणी, अंधारी जागा, वर जात, जागा आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी. वर्षभराने उरलेला कंपोस्टला.

पहिल्यांदा घेताना १ ग्रॅम, रात्री, दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल असा दिवस निवडून. मळमळ, चक्कर, छातीत धडधड यांपैकी काही झालं तर पुन्हा घेऊ नका आणि डॉक्टरांना काय घेतलं ते नेमकं सांगा, शक्य तर बरणी दाखवा. आणि रक्तदाबाच्या, हृदयाच्या किंवा मनाच्या आजारावरच्या गोळ्या चालू असतील तर आधी विचारून मगच.

---

प्रसाद_कोकण

कोकणात नेमका पावसातच बहर येतो. सावलीत चार दिवसांत बुरशी.

---

वनौषधी_अभ्यासक

@प्रसाद, मग पावसातला बहर फुलांसाठी ठेवा आणि ऑक्टोबरमध्ये पाऊस उघडल्यावर कापा. पावसातच हवा असेल तर बंद खोलीत पंख्याखाली जाळीवर, सोबत डिह्युमिडिफायर असेल तर फारच छान. डिहायड्रेटर असेल तर ३५ ते ४० अंश, त्याच्या वर नेऊ नका. ओव्हन आणि मायक्रोवेव्ह नको. बुरशीचा एक पुंजका जरी दिसला तरी तेवढाच काढून बाकीचा ठेवायचा नाही. सगळा टाका.

---

सुलभा_नाशिक

शेवटचा प्रश्न. थंडीत वेल खालपर्यंत वाळल्यासारखी होते. मेली समजायची का?

---

शेखर_बागायत

नाही. इन्कार्नाटाचा तो स्वभावच आहे, थंडीत वरची वेल वाळते आणि मुळं झोपतात. नाशिकच्या थंडीत हे ठळक दिसतं, मुंबई-कोकणात क्वचितच. वरचं वाळकं वीतभर ठेवून कापा. पाणी आठ-दहा दिवसांतून एकदा, माती फक्त ओलसर राहील इतकं. नेहमीसारखं रोज पाणी घातलंत तर झोपलेली मुळं कुजतात, मग ती खरंच जाते. खत अजिबात नको. फेब्रुवारीच्या शेवटी नवे कोंब जमिनीतून येतात, जुन्या खोडावरच येतील असं नाही, त्यामुळे कुंडी खुरपताना कडेने जपून खुरपा. कोंब वीतभर झाले की पाणी आणि शेणखत पूर्ववत चालू करा.